तुलनायोग्य ग्राहक किंमत निर्देशांक: आणा, पण जुन्याच्या जागी नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एखाद्या देशाकडे अनेक दशकांपासून स्वतःचा ग्राहक किंमत निर्देशांक आहे. आता युरोपातल्या एचआयसीपीच्या (सर्व सदस्य देशांत एकाच नियमांनी काढला जाणारा ग्राहक किंमत निर्देशांक) धर्तीवर, इतर देशांशी ताडून पाहता येईल असा निर्देशांक राष्ट्रीय सांख्यिकीत आणण्याचा विचार चालू आहे. तो आणावा का? आणला तर जुना बंद करावा का? आणि ‘नवा निर्देशांक म्हणजे महागाई कमी दाखवण्याची युक्ती’ असं जे बोललं जातं त्यात तथ्य किती?

माझं उत्तर: आणावा. जुना लगेच बंद करू नये. आकडा बहुतेकदा खाली येतो हे खरं, पण त्यामागे युक्ती नसते, आणि काही वेळा तो चांगलाच वरही जातो. मी बरीच वर्षं दर-सांख्यिकीत काम करतोय. या विषयावरच्या चर्चा सूत्रांपासून सुरू होतात आणि सूत्रांपाशीच अडकतात, हे नेहमीचं आहे. खरा प्रश्न त्याच्या आधी येतो: हा आकडा कोण वापरणार आणि कशासाठी?

मध्यवर्ती बँकेला हवं असतं ते वेगळं. अर्थव्यवस्थेत पैसे देऊन जे व्यवहार होतात, त्यांचे दर सरासरी किती वेगाने चढताहेत, एवढंच तिला बघायचं असतं. पेन्शनर, कामगार संघटना, भाडेकरू यांना हवं असतं की ‘माझा महिन्याचा खर्च कितीने वाढला’. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचं उत्तर एका आकड्यात मिळत नाही. एचआयसीपी पहिल्या प्रश्नासाठी घडवलेला आहे. दुसऱ्या प्रश्नासाठी तो वापरायला गेलात की कुरबुरी सुरू होतात, आणि त्या कुरबुरी करणाऱ्यांचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं.

तो घडला कसा हे पाहिलं की त्याचे गुणदोष समजतात. १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात युरो चलनात येऊ इच्छिणाऱ्या देशांना एक अट घातली गेली: किंमत-स्थैर्याच्या बाबतीत सर्वांत चांगली कामगिरी असलेल्या तीन देशांच्या सरासरी महागाई दरापेक्षा तुमचा दर १.५ टक्केबिंदूंहून जास्त नको. अट सोपी वाटते. पण प्रत्येक देशाचा निर्देशांक वेगळ्या घडणीचा होता. कुणी स्वतःच्या घरात राहणाऱ्याचं भाडं मानीव धरून मोजत होता, कुणी गृहकर्जाचं व्याज धरत होता, कुणी यातलं काहीच धरत नव्हता. अशा आकड्यांची रांग लावून पहिले तीन कोण हे ठरवणार कसं? म्हणून ऑक्टोबर १९९५ मध्ये युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेचं २४९४/९५ क्रमांकाचं विनियमन आलं आणि १९९७ च्या सुरुवातीपासून एचआयसीपी दरमहा प्रसिद्ध होऊ लागला. त्या कायद्याची जागा २०१६ मध्ये नव्या विनियमनाने घेतली.

दशांश चिन्हानंतरच्या एका अंकाला किती वजन असतं ते लिथुआनियाला विचारा. २००६ मध्ये त्या देशाने युरोसाठी अर्ज केला. संदर्भ मर्यादा २.६ टक्के होती आणि लिथुआनियाचा दर निघाला २.७. अर्ज नामंजूर झाला. पुढे तो देश युरोत आला तो थेट २०१५ मध्ये. एवढ्या बारीक फरकावर एवढा मोठा निर्णय होणार असेल तर सर्वांनी एकाच पट्टीने मोजलं पाहिजे, हा आग्रह समजण्यासारखा आहे.

आता मोजणीकडे वळू. ‘आकडा खाली येतो’ या तक्रारीचं मूळ सर्वांत खालच्या पायरीवर आहे, जिथे एकाच वस्तूचे वेगवेगळ्या दुकानांतले दर एकत्र केले जातात. इथे अजून भारांक (सरासरी काढताना कशाला किती वजन द्यायचं ते आकडे) नसतात, कारण कुठल्या दुकानात किती नग विकले गेले हे सहसा ठाऊक नसतं. मग सरासरी काढायची ती कुठल्या पद्धतीने?

एक शर्ट घ्या, दोन दुकानं घ्या. पहिल्या महिन्यात दोन्हीकडे दर १००. दुसऱ्या महिन्यात एका दुकानात सेल लागला, दर ८० झाला. दुसरीकडे १०० च राहिला. तिसऱ्या महिन्यात सेल संपला आणि दोन्हीकडे पुन्हा १००. आपल्या साध्या बुद्धीला कळतं की पहिल्या आणि तिसऱ्या महिन्यात काहीच फरक नाही. पण दरांच्या गुणोत्तरांची अंकगणिती सरासरी घेतली (हीच कार्ली पद्धत) तर दुसऱ्या महिन्यात ०.८ आणि १ यांची सरासरी येते ०.९. तिसऱ्या महिन्यात १.२५ आणि १ यांची सरासरी १.१२५. साखळीने गुणाकार केला की १.०१२५. म्हणजे दर जिथल्या तिथे, आणि निर्देशांक सव्वा टक्का वर! याउलट भूमितीय सरासरी, म्हणजे जेव्हन्स पद्धत, वापरली तर ०.८ चं वर्गमूळ गुणिले १.२५ चं वर्गमूळ, उत्तर बरोबर १. सेल येतात आणि जातात. निर्देशांकाने त्यांच्याबरोबर खाली जाऊन पुन्हा मूळ जागी आलं पाहिजे. कार्ली पद्धतीत तो परत येताना थोडा वर थांबतो.

एचआयसीपीच्या सुरुवातीच्या नियमांत म्हणूनच भूमितीय सरासऱ्यांचं गुणोत्तर किंवा साध्या सरासरी दरांचं गुणोत्तर, हे दोनच मार्ग मान्य होते. दुसरी पद्धत वापरायचीच असेल तर तिच्यामुळे वर्षाला सरासरी ०.१ टक्केबिंदूहून जास्त सातत्याचा फरक पडता कामा नये, अशी अट होती. कार्लीला या चाळणीतून जाणं अवघडच.

ब्रिटनमध्ये हेच झालं. तिथल्या जुन्या आरपीआयमध्ये, म्हणजे किरकोळ किंमत निर्देशांकात, कार्ली पद्धतीचा भरपूर वापर होता. डिसेंबर २००३ मध्ये सरकारने बँक ऑफ इंग्लंडचं, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचं, महागाईचं लक्ष्य बदललं: आरपीआयएक्सवर (गृहकर्जाचं व्याज वगळलेला आरपीआय) आधारलेलं २.५ टक्क्यांचं लक्ष्य जाऊन एचआयसीपीवर आधारलेलं २ टक्क्यांचं लक्ष्य आलं, आणि देशांतर्गत वापरासाठी एचआयसीपीचंच नाव ‘सीपीआय’ असं ठेवलं गेलं. लक्ष्याचा आकडा कमी केला, कारण पट्टीच बदलली होती. पुढे २०१० मध्ये कपड्यांचे दर गोळा करण्याची पद्धत सुधारली, जास्त प्रकारचे कपडे नमुन्यात येऊ लागले, आणि गंमत अशी की सुधारणेमुळे आरपीआयमधला सूत्राचा दोष आणखी ठळक झाला. कपड्यांचे दर सेलमुळे सतत वरखाली होतात. जितका चढउतार जास्त, तितकं कार्लीचं फुगणं जास्त. मार्च २०१३ मध्ये आरपीआयचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा अधिकृत दर्जा काढून घेण्यात आला. तरी तो प्रसिद्ध होत राहिला. का, ते पुढे सांगतो.

तेव्हा तुमच्याकडे खालच्या पायरीवर कार्ली वापरली जात असेल तर नव्या निर्देशांकात महागाईचा दर खाली येईल, आणि तो खाली येणं योग्यच आहे. जेव्हन्स आधीपासून वापरात असेल तर या कारणाने काही बदलणार नाही. कुठल्याही वादात पडण्याआधी एवढं तपासून घ्या. अर्धा वाद तिथेच मिटतो.

उरलेला अर्धा वाद घराचा आहे, आणि तो सहजी मिटणारा नाही.

भाड्याच्या घरात राहणारा दरमहा पैसे देतो. ते मोजता येतात. स्वतःच्या घरात राहणाऱ्याचं काय? त्याचे चार मार्ग आहेत. तेवढंच घर भाड्याने घेतलं असतं तर काय पडलं असतं ते मानून चालायचं. किंवा प्रत्यक्ष खिशातून जातं ते, म्हणजे कर्जाचं व्याज, दुरुस्ती, कर, हे धरायचं. किंवा नव्या घराच्या खरेदीला इतर वस्तूंच्या खरेदीसारखंच वागवायचं, जमिनीची किंमत शक्यतो वगळून. चौथा मार्ग वापरखर्चाचा, म्हणजे घर स्वतःकडे ठेवून वापरण्याचा वर्षाचा हिशेब, तो पुस्तकात चांगला दिसतो. अमेरिकेने पहिला मार्ग घेतला आणि तिथे या एका मानीव भाड्याचा भार संपूर्ण निर्देशांकाच्या जवळजवळ चौथा हिस्सा आहे. स्वीडनच्या राष्ट्रीय निर्देशांकात गृहकर्जाचं व्याज आहे. त्याचा विचित्र परिणाम असा की महागाई रोखायला मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवला की निर्देशांकच वर उडी मारतो. डिसेंबर २०२२ मध्ये तिथला साधा निर्देशांक १२.३ टक्के महागाई दाखवत होता, तर व्याजदराचा परिणाम वगळलेला १०.२ टक्के. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने २०१७ मध्येच आपलं लक्ष्य या दुसऱ्या निर्देशांकाला जोडून घेतलं होतं, ते यासाठीच.

एचआयसीपीने सरळ सांगितलं: कुटुंबाने पैसे मोजून केलेला अंतिम उपभोग खर्च तेवढाच धरायचा. मानीव भाडं म्हणजे कुणी कुणाला न दिलेले पैसे, ते नको. व्याज म्हणजे उपभोग नव्हे, वित्तपुरवठ्याची किंमत, तेही नको. घरखरेदी बऱ्याच अंशी गुंतवणूक, तीही बाजूला. परिणामी स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचा सर्वांत मोठा खर्च निर्देशांकाबाहेर राहिला. तुलना शुद्ध झाली, पण लोकांच्या अनुभवापासून दूर गेली. युरोपातल्या देशांत घरमालकांचं प्रमाण एकसारखं नाही, त्यामुळे ही पोकळी सगळीकडे सारखी नाही, हेही खरं.

घर वगळल्याने दर नेहमी कमीच दिसतो असं मात्र नाही. नेदरलँड्समध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय निर्देशांकाने १४.५ टक्के महागाई दाखवली आणि एचआयसीपीने १७.१ टक्के. डच राष्ट्रीय निर्देशांकात मानीव भाडं आहे, आणि भाडी तेव्हा हळूहळू वाढत होती, म्हणून ते एकूण आकड्याला खाली ओढत होतं. एचआयसीपीत तो लगाम नव्हता. ऊर्जेच्या दरांचा भार त्यात आपोआप मोठा होता. (तिथे आणखी एक भानगड होती: वीज आणि गॅसचे दर फक्त नव्या करारांवरून घेतले जात होते, जुन्या स्वस्त करारांवर असलेली लाखो कुटुंबं आकड्यात येतच नव्हती. जून २०२३ पासून पद्धत बदलून चालू करारही धरले जाऊ लागले. तुलनायोग्य म्हणवणाऱ्या निर्देशांकातही कच्चा माल असा फसवू शकतो.)

घरमालकांच्या खर्चाचा वेगळा निर्देशांक युरोपात गेली काही वर्षं तिमाही स्वरूपात निघतो. २०१८ मध्ये युरोपीय आयोगाने तो एचआयसीपीत मिसळायला योग्य नाही असं म्हटलं; मुख्य अडचण अशी की दरमहा आणि वेळेवर तो मिळत नाही. २०२१ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेने आपल्या धोरण-आढाव्यात मात्र घरखर्चाचा समावेश व्हावा, अशी शिफारस केली. म्हणजे ज्यांनी ही पट्टी सर्वांत जास्त वापरली त्यांनाच ती अपुरी वाटली. तुम्ही आज नव्याने सुरुवात करत असाल तर माझा सल्ला असा: मुख्य तुलनायोग्य निर्देशांक नियमाप्रमाणे, घराविनाच ठेवा, आणि घरासह असलेली दुसरी मालिका पहिल्या दिवसापासून शेजारी छापा. ब्रिटनने घरमालकांचा खर्च मानीव भाड्याने धरणारा सीपीआयएच काढला आणि मार्च २०१७ पासून त्यालाच मुख्य स्थान दिलं. हे काम आधी झालं असतं तर बरीच टीका टळली असती.

भारांकांकडे लोक फार लक्ष देत नाहीत. प्रत्यक्षात बदल राबवताना सर्वांत जास्त घाम इथेच गाळावा लागतो.

जुन्या पद्धतीत बहुतेक देश पाच किंवा दहा वर्षांतून एकदा घरखर्च पाहणी करतात आणि तिच्यावरून टोपली (मोजायच्या वस्तू आणि त्यांचे भार) ठरवतात. तुलनायोग्य निर्देशांकाला दरवर्षी नवे भारांक लागतात आणि त्यांचा आधार राष्ट्रीय लेख्यांमधला (देशाच्या एकूण उत्पन्न-खर्चाच्या हिशेबातला) उपभोग खर्च असतो. यामागे कारण आहे. पाहणीत माणसं दारू आणि तंबाखूवरचा खर्च कमी सांगतात, हे जगभरचं आहे. उत्पादन शुल्काच्या नोंदींशी ताळा घातला की लगेच उघड होतं. शिवाय पाहणी देशातल्या कुटुंबांची असते, तर एचआयसीपीला देशाच्या हद्दीत झालेला सगळा खर्च हवा असतो, परदेशी पर्यटकांचाही. लक्झेंबर्गमध्ये शेजारच्या देशांतले लोक स्वस्त पेट्रोल आणि सिगारेटसाठी येतात. तिथल्या एचआयसीपीत त्यांची खरेदी धरली जाते, राष्ट्रीय निर्देशांकात नाही. साहजिकच तेलाचे भाव हलले की दोन आकडे दोन दिशांना जातात. ब्रिटनच्या आरपीआयमधून तर सर्वाधिक उत्पन्नाची चार टक्के कुटुंबं आणि मुख्यतः सरकारी पेन्शनवर जगणारी कुटुंबं भारांक काढताना वगळली जातात. एचआयसीपीत कुणालाच वगळलेलं नाही.

दरवर्षी भारांक बदलण्याचा फायदा म्हणजे टोपली शिळी होत नाही. तोटा काय, तो जानेवारी २०२१ मध्ये जर्मनीत दिसला. डिसेंबर २०२० मध्ये तिथे एचआयसीपीचा वार्षिक दर उणे ०.७ टक्के होता आणि महिन्याभरात अधिक १.६ टक्के झाला. राष्ट्रीय निर्देशांक, जसा तेव्हा जाहीर झाला, उणे ०.३ वरून अधिक १.० वर गेला. दोन्हींमागे काही कारणं समान होती: मूल्यवर्धित करातली तात्पुरती सवलत संपली, इंधनावर कार्बन दर लागू झाला. पण एचआयसीपीची उडी एक टक्केबिंदूने जास्त होती, आणि ती आली भारांकांतून. महामारीच्या वर्षात लोक सहलींना गेले नव्हते, म्हणून पॅकेज टूरचा भार एकदम घटवला गेला. जानेवारीत सहलींचे दर दरवर्षी उतरतात. त्या उताराचा निर्देशांकावरचा परिणाम भार कमी झाल्यामुळे नाहीसा झाला आणि आकडा वर गेला. राष्ट्रीय निर्देशांकाचे भारांक पाच वर्षं स्थिर, म्हणून तो शांत. यातला ‘बरोबर’ कुठला? दोन्ही. पण त्या महिन्यात सांख्यिकी कार्यालयाच्या प्रवक्त्याची जागा मला नको होती.

एक तांत्रिक गोष्ट नव्याने काम करणाऱ्यांच्या लक्षात आणून देतो. मागच्या वर्षाचा खर्च तसाच भारांक म्हणून वापरायचा नसतो; तो डिसेंबरच्या दरांवर आणावा लागतो, कारण नव्या वर्षाची मालिका जुन्या मालिकेला डिसेंबरमध्ये जोडली जाते. समजा एखाद्या गटाचा भार हजारात ५० आहे, वर्षाच्या सरासरीपासून डिसेंबरपर्यंत त्याचे दर २० टक्के चढले आणि एकूण निर्देशांक ५ टक्के. तर नवा भार ५० गुणिले १.२० भागिले १.०५, म्हणजे सुमारे ५७. ही पायरी विसरली तर इंधनासारखा गट वर्षभर कमी मोजला जातो आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

वर्गीकरणाचं काम लांबलचक आहे, पण त्यात वाद कमी. संयुक्त राष्ट्रांचं कॉइकॉप वर्गीकरण (कुटुंबांचा खर्च कशासाठी झाला त्याप्रमाणे केलेले गट) घ्यायचं. १९९९ च्या आवृत्तीत वैयक्तिक उपभोगाचे १२ विभाग होते. २०१८ च्या आवृत्तीत विमा आणि वित्तीय सेवा वेगळ्या काढून १३ झाले. जुनी मालिका नव्या खणांत बसवणं हे धीराचं काम आहे, पण ते निर्देशांकाचं इतर काही बदलणार नसाल तरी करून ठेवण्यासारखं आहे. ज्या गटाचा भार हजारात एक किंवा त्याहून जास्त तो वगळता येत नाही, हा नियम मला आवडतो. ‘ही वस्तू आमच्याकडे कोण मोजणार’ ही सबब त्याने बंद होते.

आरोग्य आणि शिक्षण मात्र जरा थांबून पाहा. एचआयसीपीत दर धरायचा तो सरकारी किंवा विमा भरपाई वजा जाता ग्राहकाच्या खिशातून जाणारा. म्हणजे डॉक्टरची फी तीच राहिली आणि अनुदान कमी झालं तर ती दरवाढ. जर्मनीत जानेवारी २००४ मध्ये डॉक्टरकडे जाणाऱ्या विमाधारकाला तिमाहीला १० युरो भरण्याचा नियम आला (२०१२ अखेर तो रद्द झाला). आधी शून्य, आता दहा. शून्याने भागाकार होत नाही. त्यामुळे ही एकच वस्तू घेऊन गुणोत्तर काढता येत नाही. उपाय असा की वरच्या गटात जायचं, जिथे आधीपासून काही खर्च होतच होता, आणि तेवढ्याच भेटी, तेवढ्याच सेवा यांसाठी रुग्णांच्या खिशातून एकूण किती जायचं आणि आता किती जातं याची तुलना करायची. उलट दिशेनेही हेच. लक्झेंबर्गने २०२० मध्ये सार्वजनिक वाहतूक मोफत केली तेव्हा दर शून्यावर आले. नेहमीच्या निर्देशांकात अशा गोष्टी अनेकदा बाजूला ठेवल्या जातात, कारण त्या ‘धोरणाचे बदल’ वाटतात. ग्राहकाला मात्र ते दराचेच बदल असतात, आणि या एका बाबतीत एचआयसीपी सामान्य माणसाच्या अनुभवाच्या जास्त जवळ आहे.

आता दुरुस्त्या. हा मुद्दा सूत्रांइतका चमकदार नाही, पण कायदा खात्यातल्या माणसाला सर्वांत आधी हाच विचारावा. राष्ट्रीय निर्देशांक बहुतेक देशांत एकदा जाहीर झाला की बदलत नाही, कारण भाडेकरार, वेतनकरार, रोखे त्याच्यावर टांगलेले असतात. एचआयसीपी दुरुस्त होऊ शकतो, आणि होतो. २०१९ मध्ये जर्मनीने पॅकेज टूरची पद्धत बदलली आणि २०१५ पासूनची मालिका मागे जाऊन सुधारली. परिणाम? २०१५ चा जर्मन वार्षिक दर ०.१ टक्क्यावरून ०.७ टक्के झाला. पूर्ण युरो क्षेत्राचा शून्यावरून ०.२. चार वर्षांनंतर! विश्लेषकासाठी ही चांगली बातमी आहे, त्याला बरोबर मालिका हवी असते. पण एखाद्याचं भाडं २०१५ च्या आकड्यावर ठरलं असेल तर तो काय करणार?

म्हणून करार आणि वेतन तुलनायोग्य निर्देशांकाला बांधू नयेत, असं माझं मत आहे. बेल्जियमने १९९४ पासून वेतनासाठी वेगळा ‘आरोग्य निर्देशांक’ ठेवला आहे, त्यात तंबाखू, दारू, पेट्रोल आणि डिझेल नाहीत. तो कुठल्या देशाशी तुलना करण्यासाठी नाही, आणि त्याचं तसं काही ओझंही नाही. तो समाजातल्या एका तडजोडीचा आकडा आहे आणि तेवढंच काम करतो.

ब्रिटनमधला आरपीआय दर्जा जाऊनही का टिकला याचं उत्तर इथेच आहे. सरकारचे महागाईशी जोडलेले रोखे आरपीआयवर चालतात, अनेक खासगी पेन्शन योजनाही. सरकारी नोकरांच्या पेन्शनची आणि सरकारी लाभांची वाढ एप्रिल २०११ पासून सीपीआयवर गेली, तेव्हा पेन्शनरांनी तक्रार केली ती समजण्यासारखी होती: मोजपट्टी बदलली आणि दरवर्षी थोडं कमी मिळू लागलं. रोख्यांचं प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं. काही जुन्या रोख्यांच्या अटींमध्ये असं कलम आहे की निर्देशांकात धारकांना जाचक ठरेल असा मूलभूत बदल झाला तर त्यांना मुदतपूर्व परतफेडीचा हक्क मिळतो. अशा शेवटच्या रोख्याची मुदत २०३० मध्ये संपते. नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झालेला निर्णय असा: आरपीआयची पद्धत फेब्रुवारी २०३० पासून सीपीआयएचसारखी होईल. पेन्शन निधी त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि २०२२ मध्ये हरले. एका सरासरीच्या सूत्राची दुरुस्ती व्हायला सतरा वर्षं, कारण तो आकडा करारांमध्ये शिरला होता.

तुमच्या देशात नवा निर्देशांक आणायचा असेल तर सूत्राच्या आधी हे काम सुरू करा: जुना निर्देशांक कुठकुठल्या कायद्यांत, रोख्यांत, वेतनकरारांत, भाडेनियमांत नाव घेऊन लिहिलेला आहे त्याची यादी. ही यादी सांख्यिकी कार्यालयाकडे सहसा नसते. ती करायला अर्थखात्याला आणि कायदा खात्याला बसवावं लागतं, आणि ते आनंदाने बसत नाहीत.

त्यानंतर दोन्ही निर्देशांक किमान दोन-तीन वर्षं समांतर काढा. दर एकदाच गोळा होतात. क्षेत्रावर जाणाऱ्या माणसांचं काम फारसं वाढत नाही, मोजणी मात्र दोनदा होते. वाढतं ते भारांक विभागाचं काम आणि राष्ट्रीय लेखे विभागाशी दरवर्षीची ओढाताण, कारण उपभोगाचे तपशील आपल्याला कॉइकॉपप्रमाणे वर्षअखेरीस हवे आहेत हे त्यांना पटवावं लागतं. मागची मालिका शक्य तितकी मागे नेऊन काढा. नवा आकडा जुन्या लक्ष्याशेजारी नुसता ठेवला तर पहिल्याच दिवशी ‘महागाई रातोरात उतरली’ अशी बातमी होते. आणि दोन्ही आकडे एकाच पत्रकात द्या, त्यांच्यातला फरक फोडून: सूत्रामुळे इतका, घरामुळे इतका, भारांक आणि व्याप्तीमुळे इतका. ब्रिटनने हे तक्ते वर्षानुवर्षं दिले आणि वादात निदान मुद्द्यांवर बोलणं होत राहिलं.

हे फक्त श्रीमंत देशांना परवडतं असा समज असेल तर तो काढून टाका. पश्चिम आफ्रिकेच्या चलनसंघातल्या देशांनी १९९८ पासून समान पद्धतीचा निर्देशांक सुरू केला. आधी प्रत्येक देशाच्या प्रमुख शहरापुरता, नंतर व्याप्ती वाढवत. सुरुवात अपुरी होती, पण पद्धत एक होती, आणि चलन एक असलेल्या देशांना तेवढंही उपयोगी पडलं.

शेवटी एक गैरसमज, कारण प्रश्नात त्याची छटा दिसली. तुलनायोग्य म्हणजे दर वाढण्याचा वेग तुलनायोग्य. दोन देशांचे निर्देशांक ११० आणि १२५ असले तर दुसरा देश महाग आहे असा अर्थ होत नाही. आधार वर्षापासून तिथले दर जास्त वाढले एवढंच. कुठला देश महाग आणि कुठला स्वस्त हे पाहायला क्रयशक्ती समतेचे आकडे लागतात. त्यासाठी सर्व देशांत एकाच वर्णनाच्या वस्तूंचे दर घेतले जातात. एचआयसीपीत प्रत्येक देश आपापल्या लोकांच्या खरेदीतल्या वस्तू घेतो, आणि तसंच असायला हवं. तुमच्या अर्थखात्यातल्या कुणाला ‘शेजारच्या देशापेक्षा आपण स्वस्त’ हे सिद्ध करण्यासाठी हा निर्देशांक हवा असेल, तर त्यांना आधीच सांगून टाका की यातून ते मिळणार नाही.